नावापुरती मोकळी जागा

शमीमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले असतील. मी सांगलीच्या माझ्या खोलीत, निवृत्त होणाऱ्या एका एसटी वाहकाचं मानपत्र लिहीत बसले होते. "वैशालीताई, आपा गेल्या ओ... झोपेतच," एवढंच ती बोलली. मग मागे दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. पुढ्यातल्या कागदावर वाहकाच्या नावापुरती जागा मोकळी होती. मजकूर पुरा होईपर्यंत नाव लिहायचं नाही, ही सवय मला आपांमुळे लागलेली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडेच बघत राहिले.

तासगावला पोचले तेव्हा गल्लीत माणसं मावत नव्हती. दुपारी पुरुषमंडळी जनाजा घेऊन गेली, घर एकदम रिकामं झालं, तेव्हा शमीम मला वर माडीवर घेऊन गेली. ही आपांच्या पुतण्याची बायको. खाली बांगड्यांचं दुकान आणि वर आपांची खोली. टेबलावर तीन लिफाफे एकावर एक ठेवलेले होते. प्रत्येकावर दोन तारखा, वरची गिऱ्हाइकाची, खालची आपांची. आपांची तारीख नेहमी चार दिवस अलीकडची असायची. "त्यांची तारीख त्यांच्यासाठी, माझी माझ्यासाठी. मधले चार दिवस तापाचे, पाव्हण्यांचे आणि लाइट जायचे," असं त्या म्हणायच्या. त्या चार दिवसांत मरणही बसेल असं त्यांच्या मनात आलं असेल का, कोण जाणे... पण बसलं. तिन्ही मजकूर लिहून तयार होते. दोन लिफाफे मी त्याच आठवड्यात ज्याचे त्याला पोचते केले. तिसऱ्याविषयी पुढे लिहिते.

आपा लेखिका होत्या, पण लेखिका म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लोकांना जे हवं ते त्या लिहून देत. मानपत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर, शाळांच्या स्नेहसंमेलनांची निवेदनं, पतसंस्थांचे अहवाल, बेदाण्याच्या खोक्यावरच्या चार ओळी, द्राक्षबागेच्या औषधांची माहितीपत्रकं. नवरा लवकर गेला. मग त्या दिराच्या दुकानात बायकांना बांगड्या भरायला बसल्या. बांगड्या भरून घेताना बायका बोलतात. कुणाचा नवरा फौजेत, पत्र लिहायला येत नाही. आपा एका हाताने बांगडी सरकवायच्या आणि ती बाई काय बोलते ते लक्षात ठेवून नंतर पत्र लिहून द्यायच्या. पत्रांचं पुढे अर्जावर गेलं, अर्जाचं मानपत्रावर. नोकरी त्यांनी कधी केली नाही आणि पुढे लिहिण्याशिवाय दुसऱ्या कशावर त्या जगल्याही नाहीत. माझ्यासारखीला, जिच्या घरात वर्तमानपत्रसुद्धा ती कॉलेजात गेल्यावर यायला लागलं, तिला हे किती अचाट वाटलं असेल ते सांगता येणार नाही.

मी रहिमतपूरची. वडील, म्हणजे तात्या, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरचा थोडा ऊस. आमच्यात पदवी घेणारी मी पहिली. बी.ए. झाल्यावर सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. एक दिवस आपा काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात छापलेला कागद. "माझ्या मजकुरातलं 'अविरत' खोडून 'सतत' कुणी केलं?" मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "का गं?" मी घाबरत म्हटलं, "वाचणारा मंडपात उभा राहून वाचणार... अडखळेल म्हणून." आपांनी कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत. मग म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं. नाव काय तुझं?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

वर्षभरात छापखान्यातली मुद्रितं तपासायची जागाच बंद झाली. मी घरी सांगितलं की आता लिहूनच पोट भरणार, आपांच्या हाताखाली शिकणार. तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, आईला म्हणाले, "लिव्हून पोट भरतं व्हय गं? मला बी सांग, मी बी लिव्हतो." मग मला म्हणाले, "पुढच्या दिवाळीपतुर जमलं तर ठीक. न्हाईतर गुमान घरी यायचं आनि सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा." तेव्हा माझ्या हातात होतं ते एक वर्ष आणि आपा.

त्यांच्या खोलीत पलंगाखाली बेदाण्याची रिकामी खोकी रचलेली असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी एक बाहेर ओढलं. आत पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद, गच्च भरलेले. "वैशे, तू गावात येताना बेदाण्याची शेडं बघितलीस का?" मी हो म्हटलं. "द्राक्ष ओलं असतं तवर पळापळ असती. आज न्हाई गेलं तर उद्या नासलं. मानपत्र तसंच. सत्कार झाला की ते शिळं. पण तीच द्राक्षं वाळवली की बेदाणा वर्सभर विकत बसावा. म्हणून दर ओल्या मालातलं मूठभर बाजूला काढायचं आणि वाळत घालायचं." प्रत्येक कामातलं जे पुन्हा कुणाच्या उपयोगी पडेल ते त्या एका कागदावर उतरवत. अशा वाळलेल्या कागदांतून त्यांचं मानपत्रांचं पुस्तक झालं होतं. लिहून किती वर्षं झाली तरी शाळा-शाळांतून आणि स्टँडवरच्या स्टॉलवरून ते खपत होतं, आणि आपा आजारी असोत की गावाला, त्याचे पैसे घरी येत होते. मुखपृष्ठावर फक्त 'ज. र. मणेर'. त्यामुळे पत्रं यायची ती 'आदरणीय मणेर सर' अशी. आपा ती मोठ्याने वाचून दाखवायच्या. "बघ, न शिकवता सर झाले मी!"

त्यांची दुसरी गोष्ट मला कळायला वेळ लागला. एप्रिल आला की आपा नवीन काम घेत नसत. ऐन लग्नसराई, पत्रिकांचे मजकूर हवेत म्हणून लोक जिन्यावर उभे, आणि या 'पुढच्या महिन्यात' म्हणून परत पाठवायच्या. मी एकदा चिडले. तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. गल्लीच्या टोकापलीकडे एक बाग नुकतीच छाटलेली दिसत होती, नुसते खुंट. "ही खरड छाटणी. हिला एक घड लागत न्हाई. हिच्यात नुसती काडी तयार हुती. घड लागतो ऑक्टोबरच्या छाटणीला. पण एप्रिलला जो कंटाळा करतो त्याला ऑक्टोबरात काय मिळणार?" तर त्यांच्या एप्रिलात त्या शिकायच्या. एका एप्रिलात मोबाइलवर मराठी टंकन शिकल्या. एका एप्रिलात मोडी. तीही साठीला आल्यावर, आठवड्यातून तीनदा सांगलीला एसटीने जाऊन. पुढे लोक जुने कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले. म्हसवडहून एक कुटुंब कापडात गुंडाळलेलं आजोबांच्या आजोबांचं पत्र घेऊन आलं होतं. आपांनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्या घरातली म्हातारी पत्राला नमस्कार करून रडली. मी भिंतीला टेकून बघत होते. ही बाई सातवी शिकलेली आहे, हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आली होती. आपांकडची कामं आता माझ्याकडेही यायची. तासगाव तालुक्यातल्या एका गावचे पवार गुरुजी निवृत्त झाले, त्यांचं मानपत्र माझ्याकडे होतं. त्याच गावचे मोहिते गुरुजी महिनाभर आधी निवृत्त झालेले, त्यांचंही मीच लिहिलेलं. हातात चार कामं, वेळ थोडा. मी मोहित्यांचाच मजकूर घेतला, वरचं नाव बदललं, खालचं बदललं. मधल्या परिच्छेदातलं राहिलं. ते तसंच छापून, काच लावून फ्रेम झालं. मी फ्रेम पोचवायला म्हणून मंडपात होते. निवेदकाने खड्या आवाजात वाचलं, "असे आमचे विद्यार्थिप्रिय मोहिते गुरुजी..." मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मोहित्याचा दुसऱ्यांदा सत्कार!" आणि हसण्याचा कल्लोळ उठला. या दोन गुरुजींचं बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी तासगावला येऊन आपांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी रहिमतपूरला जाते, फॉर्म भरते. माझं हे काम नव्हे. आपा म्हणाल्या, "बॅग मागनं भर. आधी गुरुजींच्या दारात जाऊ."

पवार गुरुजी घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी काही बोलायच्या आत आपा म्हणाल्या, "चूक माझी हाय, गुरुजी. काम माझ्याकडं आलं होतं." गुरुजींनी फ्रेम फिरवून आमच्याकडे तोंड करून ठेवली. मग म्हणाले, "आवं आपा, नाव चुकलं तर खोडता येतं. पन मी घरी आणून ते परत वाचलं. मोहित्याचं नाव घातलं तर त्याला बी बसतंय, माझं घातलं तर मला बी बसतंय. उद्या आमच्या शिपायाचं घाला, त्याला बी बसंल. मग इतकी वर्सं मी केलं काय?"

आपांनी मान खाली घातली होती. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि कपबश्या ठेवता ठेवता म्हणाल्या, "काय केलं ते मला इचारा की. मे महिन्याची सुट्टी लागली की शाळेची घंटा चोरीला जाईल म्हणून घरी आणायचे, आनि ह्या तुळईला बांधायचे. बांधायची ती बांधायची, रोज साडेदहाला वाजवायची बी! गावातली पोरं सुट्टीत बी दचकायची." गुरुजी कसनुसे हसले. "आगं, घंटेला गंज चढतो न वाजवल्यावर." आपांनी पिशवीतून कागद काढला. "बाई, आणखी सांगा."

परतीच्या एसटीत आपा खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "वैशे, एवढी वर्सं लिहितीय मी, पण ही परीक्षा मला कुणी घातली न्हवती. नाव बदलून वाचायचं. दुसऱ्या कुणाला बसलं तर अजून लिहून झालेलं न्हाई." जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतल्या भिंतींवर जिची मानपत्रं टांगलेली आहेत, अशी साठी ओलांडलेली बाई माझ्या चुकीतून स्वतः शिकत होती. रागवायचं तिच्या लक्षातही नव्हतं. आठ दिवसांत आम्ही गुरुजींना नवं मानपत्र दिलं. त्यात घंटा होती, तुळई होती आणि दचकणारी पोरं होती. त्या दिवसापासून आपा नावाची जागा मोकळी सोडू लागल्या. मजकूर पुरा करायचा, त्या जागी दोन-तीन भलतीच नावं घालून मोठ्याने वाचायचं, आणि एकही बसलं नाही तरच खरं नाव लिहायचं.

पण खरं नवल पुढे आहे. त्यांचं ते मानपत्रांचं पुस्तक खपत होतं ते कुणालाही बसणारे नमुने त्यात होते म्हणूनच. आपांनी पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते निम्म्याहून जास्त काढून टाकले. त्याऐवजी प्रश्न घातले. सत्कारमूर्तीच्या घरच्यांना काय विचारावं, सुट्टीत ते काय करतात, कशावरून त्यांना घरात बोलणी बसतात. प्रकाशक माडीवर येऊन म्हणाले, "आपा, लोकांना तयार माल पाहिजे. तुम्ही स्वतःच्या हातानं चालतं दुकान बंद करताय." आपा म्हणाल्या, "सडका दाणा दिसल्यावर खोक्यात कसा ठेवू?" ते पुस्तक पुढची दोन वर्षं कमी खपलं. पुतण्याही कुरकुरला. आपांनी दोन वर्षं पत्रिकांचे मजकूर जास्त घेतले, आणि एप्रिल मात्र सोडला नाही. तिसऱ्या वर्षी काही शाळांनी मुलांना लिहायला शिकवताना ते प्रश्न वापरायला घेतले आणि पुस्तक पुन्हा उभं राहिलं. ते उभं राहिलं नसतं तरी आपांनी जुने नमुने परत घातले नसते, हे मी खात्रीने सांगू शकते.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी तात्यांनी दिलेल्या मुदतीची दिवाळी आली. तात्यांचा फोन आला, "काय ठरवलं?" माझं पोट जेमतेम भरत होतं, पण जमलं असं म्हणायची छाती नव्हती. आपांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आवं हवालदारसाहेब, लावल्या वर्सी द्राक्षबागेला घड लागतो का? अजून एक एप्रिल जाऊ द्या." तात्या म्हणाले, "आमचा ऊस हाय, आपा. आमाला द्राक्षाचं काय सांगताय?" आपा थांबल्या नाहीत. "मग उसाचं सांगते. लागण तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटणारा खोडवा बघता का न्हाई? का मुळासकट उपटून टाकता?" पलीकडून तात्यांचं हसणं ऐकू आलं. मला आणखी एक वर्ष मिळालं.

त्या वर्षात मी लोकांना अर्ज लिहून देताना मूठभर बाजूला काढत गेले. रेशनकार्ड, वारसनोंद, दाखला. त्याचं लहानसं पुस्तक झालं. मुखपृष्ठावर मी 'वै. ह. जाधव' घालणार होते. आपांनी कागद परत सरकवला. "न्हाई. माझ्यासारखं आद्याक्षरांच्या मागं नको लपूस. माझ्या येळंला बाईमाणसाचं, त्यात आमच्यातलं नाव बघून कुणी पुस्तक उचलंल का, ह्याची भीती होती. तुला कसली भीती? बापाचं नाव सुदिक घाल." मी पूर्ण नाव घातलं. काही महिन्यांनी तात्यांचा फोन आला, रहिमतपूरच्या स्टँडवरून, मागे गाड्यांचा गोंगाट. "आगं, स्टॉलवाला म्हनतोय, लय चालतंय तुजं पुस्तक. मी म्हनलं, लेकीचं हाय माझ्या. त्याला खरं वाटंना. मग आधार कार्ड काढून दावलं... हणमंत जाधव!" भरतीचा फॉर्म घरात पुन्हा कधी निघाला नाही.

आता तो तिसरा लिफाफा. गिऱ्हाइकाची तारीख जवळ आली होती. आत मानपत्र होतं, स्वच्छ अक्षरात, आणि नावाची जागा मोकळी. कुणाचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. शमीमलाही माहीत नव्हतं. आपांचा फोन कुलूपबंद, तो उघडायचा आकडा कुणाला ठाऊक नाही. शेवटी मी शमीमला ते वाचून दाखवायला लागले. पहिल्या ओळीत एक बाई होती, जी रात्रपाळीहून परतताना बाळंतिणीच्या घरासमोर सायकलची घंटा दोनदा वाजवते, म्हणजे आतल्यांनी उठायचं नाही, नुसतं खोकायचं, की सगळं ठीक आहे. तिसऱ्या ओळीला शमीमने तोंडाला पदर लावला. "या तर आपल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई... माझ्या दोन्ही पोरांच्या वेळंला मी अशीच खोकले होते ओ." आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. नाव नसलेल्या कागदावरून माणूस ओळखू आलं होतं. एखाद्याला इतकं अचूक लिहिता येतं, हे मी त्यांच्याजवळ इतकी वर्षं राहूनही त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. नाव मी भरलं. माझं अक्षर आपांच्या अक्षराशेजारी वेगळं दिसतं, पण ते तसंच राहू दिलं.

खोली अजून तशीच आहे. आपांचा चाळिसावा दिवस झाला की खोकी माझ्याकडे न्यायची असं शमीमने ठरवलंय. टेबलाच्या खणात एक वही सापडली, कन्नडच्या बाराखडीची. जतकडच्या बेदाणा व्यापाऱ्यांची पत्रकं दोन्ही भाषांत करून द्यायची, असं मागच्या एप्रिलात ठरवून त्या शिकायला बसल्या होत्या. अर्ध्या वहीत अक्षरं, पुढे कोरं. आपांचं अपुरं राहिलेलं काम म्हणावं तर हे एवढंच, आणि ते स्वतःसाठी घेतलेलं. मी ती वही आणली आहे. एप्रिल लांब नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी त्यांच्याच रीतीने वाचून बघितला. पहिल्या खर्ड्यात 'कष्टाळू', 'प्रेमळ', 'दीपस्तंभासारख्या' असं बरंच होतं. तिथे माझ्या मावशीचं नाव घातलं, बसलं. शाळेतल्या बाईंचं घातलं, तेही बसलं. ते सगळं काढून टाकलं. मग पुन्हा वाचलं. बांगडी सरकवणाऱ्या हाताशी आले, पलंगाखालच्या खोक्यांशी आले, गुरुजींच्या सोप्यात खाली गेलेल्या त्या मानेशी आले... दुसरं कुठलंच नाव बसेना. म्हणजे आता लिहायला हरकत नाही. शीर्षकाखाली मी जागा मोकळी ठेवली होती, पण ते इथेच, शेवटी लिहिते. जन्मभर दुसऱ्यांची नावं भरणाऱ्या या बाईचं सबंध नाव छापून यायची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून पूर्ण लिहिते, आद्याक्षरं नाहीत.

जैबुन्निसा रसूल मणेर.